विमल सिस्टरांचा आकडा

महिन्याच्या पहिल्या सोमवारी विमल सिस्टर माझ्या काट्यावर यायच्या. वारंगा फाट्यावर ट्रक-ट्रॅक्टर तोलायचा जो काटा आहे, त्यावर मी सव्वीस वर्षं काम करतो. हळद, सोयाबीन, ऊस. भरलेली गाडी, रिकामी गाडी, मधली वजाबाकी, पावती. सिस्टरांचं काम त्याहून बारीक होतं. बाळांना झोळीत घालून तोलायचा स्प्रिंगचा काटा त्या पिशवीतून काढायच्या, माझ्या खिडकीच्या गजाला अडकवायच्या आणि हात पुढे करायच्या.

"भाऊ, शिक्क्याचं वजन द्या."

माझ्या टेबलावरच्या लहान काट्यासाठी सरकारी शिक्का मारलेलं एक किलोचं वजन असे. ते त्या झोळीत टाकायच्या आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभ्या राहायच्या.

"पन्नास ग्रॅम कमी दाखवून राहिला हा."

"पन्नास ग्रॅमनं काय होतं, सिस्टर?"

"तुमच्या ट्रकचं काय न्हाई होत. दोन किलोच्या लेकराचं होतं."

मग त्या स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायच्या, वजन पदराने पुसून परत द्यायच्या आणि चहा न घेता निघायच्या. सरकारने त्यांना काटा दिला होता, तो तपासायला सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत स्वतःचा काटा आपणहून तपासायला आलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. बाकीचे माझा काटा तपासायला यायचे.

फाट्यापासून आत सहा किलोमीटरवर आमचं गाव. गावाच्या कडेला आरोग्य उपकेंद्राच्या दोन खोल्या, त्यातल्या मागच्या खोलीत सिस्टर राहायच्या. माहेर गोरेगावचं. लग्न झालं होतं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. याच्यापुढे त्यांनी सांगितलं नाही आणि गावाने विचारलं नाही. उंचीने कमी, चालणं भरभर, पायांत कायम पुरुषी चपला. आमचं गाव आणि भोवतीचे तीन तांडे त्यांच्याकडे होते.

त्यांची एक सवय जिल्ह्याच्या या टोकाला सगळ्यांना माहीत होती. बाई दिसली की त्या तिची हनुवटी धरायच्या, तोंड उजेडाकडे वळवायच्या आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढायच्या. आत लाल दिसलं तर सोडून द्यायच्या, पांढरट दिसलं तर नाव विचारायच्या. लग्नात, बाजारात, जीपमध्ये, कुठेही. एकदा माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी हळद लागलेल्या नवरीची पापणी ओढली. वरमाई चिडली.

"सिस्टर, आवं आज तरी सोडा तिला. नवरी हाय ती."

"म्हनूनच बघून राहिले. अजून दीड वर्सानं माझ्याच टेबलावर येनार हाय."

बायका हसल्या. नवरीसुद्धा. त्या नवरीला त्याच मांडवात लोहाच्या गोळ्या मिळाल्या, आणि पुढच्या महिन्यात सिस्टरांनी तिच्याकडून रिकामी पाकिटं मागून घेतली. गोळ्या खाल्ल्या हे तोंडी सांगितलेलं त्यांना चालत नसे. रिकामं पाकीट दाखवावं लागे. पाकीट नसेल तर गोळी समोर खावी लागे.

लिहिण्याच्या बाबतीतही तसंच. त्यांचं रजिस्टर मी पाहिलं आहे. बोटाला टोचून रक्त तपासायच्या पट्ट्या संपल्या की त्या रक्ताच्या रकान्यात आकडा लिहीत नसत. लाल पेन्सिलीने लिहीत, 'पट्ट्या नाहीत.' एका वर्षी सगळं पान लाल झालं. वरच्या साहेबांनी विचारलं, हे काय आहे? सिस्टर म्हणाल्या, "जे हाय ते हाय, साहेब. तुमी पट्ट्या पाठवा, मी पेन्सिल ठेवते." हे त्यांनी मला काट्यावर सांगितलं आणि मी त्या दिवशी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. घरात त्यांचा शब्द चालू लागला तो माझ्यामुळे. हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

माझ्याकडे तसं मानायला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी माझी बायको सुनंदा घरीच बाळंत झाली. मुलगी झाली, सगळे खूश, आणि सुनंदाचं रक्त थांबेना. सिस्टर दुसऱ्या गावाहून सायकलवर आल्या. आल्या आल्या मला विचारलं, "किती फडकी भिजली?"

"बरीच."

"बरीच म्हंजे किती? तुमी काट्यावरचे ना? मोजा."

मी मोजली. सात होती. त्यांनी जीप मागवली, सुनंदाला मागच्या सीटवर आडवी केली आणि स्वतः तिच्या पोटावर मूठ दाबून गुडघ्यांवर बसल्या. गाव ते नांदेड, डोंगरकड्याचे खड्डे, अर्धापूरची गर्दी, दीड तास. मूठ एकदाही उचलली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सुनंदाला ताब्यात घेतलं तेव्हा सिस्टरांचा हात सरळ होईना, मी बोटं एकेक करून सोडवली. सुनंदा आज पन्नाशीला आली आहे. सकाळी मला चहा देते. हा हिशेब मी विसरलेलो नाही, आणि पुढचं सगळं लिहिताना तो मधे मधे येतो.

तांड्यावरची एक गोष्ट मला जीपवाल्याने सांगितली. एका म्हातारीने सुनेला दवाखान्यात पाठवायला नकार दिला. सिस्टर उंबऱ्यावर बसल्या.

"याडी, सून न्हाई पाठवायची तर नको पाठवू. मीच हितं राहते. मला जेवू घाल."

तांड्यात आईला याडी म्हणतात. म्हातारी म्हणाली, "सरकार तुला पगार देतंय आन जेवायला मी घालू व्हय?"

"घाल की. तुझ्या सुनंचं वजन बेचाळीस किलो भरलं. तिच्या वाटचं कोन खाऊन राहिलं ते बघायचं हाय मला."

सिस्टर खरंच अडीच तास बसल्या. दोन भाकरी खाल्ल्या, आमटीत मीठ कमी आहे म्हणून म्हातारीला बोलल्या. शेवटी म्हातारीच उठली. "ने बाई तिला. तुला पोसन्यापरीस दवाखाना परवडला." त्या सुनेला जुळं झालं आणि तिघंही जगली.

एकदा त्या प्रशिक्षणाहून आल्या आणि माझ्या बाकावर बसल्या. तिथे पडद्यावर जगाचा नकाशा दाखवला होता, कुठल्या देशात किती बाया बाळंतपणात मरतात याचा. "लई मोठा आकडा हाय, भाऊ. एवढा मोठा की कुनाचाच वाटत न्हाई. माझ्या रजिस्टरात बारा वर्सांत एक हाय. ती मला रोज दिसते." त्या बाईचं नाव त्यांनी सांगितलं. मी लिहीत नाही.

मग रजिस्टर गेलं आणि मोबाइल आला. म्हणजे रजिस्टरही राहिलं, पण खरी नोंद मोबाइलात. सिस्टर वैतागायच्या. "ह्याच्यात चौकोन रिकामा ठेवला तर पुढंच जात न्हाई. 'पट्ट्या नाहीत' लिवलं तर घेत न्हाई. आकडाच मागतो." मी हसलो होतो. मला तो मोबाइलचा दोष वाटला. मग काय करता, हे मी विचारलं नाही. पहिल्या सोमवारचं त्यांचं येणंही त्याच सुमाराला कमी झालं. बैठका वाढल्या, गावं वाढली, शेजारच्या उपकेंद्राची जागा रिकामी म्हणून तेही त्यांच्याकडेच. वय सत्तावन्न.

माझा धाकटा भाऊ दिगंबर. आमचं घर एकच, चुली दोन. त्याची मुलगी अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. खरं तर सातव्या महिन्यात आणतात, पण जावई पुण्याला कंपनीत आणि सासरी करणारं कुणी नाही, म्हणून पाचव्यातच आणली. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बोटाला टोचलं. हिमोग्लोबिन अकरा हवं, निघालं नऊ पॉइंट सहा. गोळ्या दिल्या.

पुढचे तीन महिने अश्विनी उपकेंद्रात गेली की कार्डावर नवा आकडा यायचा. दहा. दहा पॉइंट चार. दहा पॉइंट आठ. दर वेळी मी कार्ड मागून बघायचो आणि मला बरं वाटायचं.

नवव्या महिन्यात तिला दम लागू लागला. ओसरीवरून न्हाणीपर्यंत गेली की मधे भिंतीला टेकायची. एका सोमवारी दिगंबर म्हणाला, "दादा, नांदेडला दाखवून आनू का हिला?"

"काहून? कार्ड बघ. दहा पॉइंट आठ. सिस्टरचा आकडा हाय."

गुरुवारी त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा कार्ड दाखवलं. दोनदा विचारलं आणि दोनदा मी थांबवलं.

शनिवारी सकाळी आरोग्य केंद्रात अश्विनीला मुलगी झाली. रक्त गेलं. किती गेलं हे मला विचारा, कारण मला ती सवय सिस्टरांनीच लावली होती. माझ्या भावजयीने फडकी दाखवली, चार होती. सुनंदाची सात होती आणि सुनंदा जगली. अँब्युलन्स लगेच निघाली. नांदेडला पोचलो, रक्त चढवायला घेतलं, आणि पहिली पिशवी संपायच्या आत अश्विनी गेली. एकवीस वर्षांची होती.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन एक कागद दाखवला. आल्या आल्या तपासलेलं रक्त, पाच पॉइंट एक. मी म्हणालो, आज रक्त गेलं म्हणून. त्यांनी मान हलवली. "आजचं तर आहेच. पण पेशी बघा, बारीक आणि फिक्या. हे काही महिन्यांचं आहे. हिच्या अंगात गमवायला रक्तच नव्हतं."

मी अश्विनीचं कार्ड आणि तो कागद शेजारी शेजारी धरले. नऊ पॉइंट सहा, दहा, दहा पॉइंट चार, दहा पॉइंट आठ. दर महिन्याला पॉइंट चार. ना जास्त ना कमी.

काट्यावर ओळीने तीन गाड्या सारख्या फरकाने वाढत गेल्या तर चौथी गाडी मी चढू देत नाही. आधी काटा बघतो. खरं वजन असं पायऱ्या चढल्यासारखं येत नाही. हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे, आणि तीन महिने ते कार्ड हातात घेऊन मी खूश होत होतो.

तेराव्यानंतर भावजयीला तांदळाच्या डब्यामागे लोहाच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. जवळजवळ सगळी भरलेली. गोळीने मळमळतं म्हणून पोरीने घेतल्याच नव्हत्या. रिकामं पाकीट तिला कुणी मागितलं नव्हतं.

बाळंतपणात बाई गेली की चौकशी होते. तालुक्याहून एक अधिकारी आले, सभ्य माणूस, हातात छापील फॉर्म. आमच्या ओसरीवर बसले. शेजारी विमल सिस्टर. समोर दिगंबर. मी खांबाला टेकून उभा, खिशात दोन्ही कागद.

"बाळंतपणाआधीच्या तपासण्या झाल्या होत्या?"

सिस्टर म्हणाल्या, "चारी झाल्या. कार्डावर हायत."

"रक्त?"

"कार्डावर हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी वाट बघत होतो. मला खात्री होती की आता त्या बोलतील. लाल पेन्सिलीने पान भरणारी बाई ती. 'जे हाय ते हाय, साहेब,' एवढंच म्हणायचं होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "आधी काही त्रास जाणवत होता का? मोठ्या दवाखान्यात न्यायला घरून काही वेळ लागला का?"

मग दिगंबरच बोलला. "व्हय साहेब. दम लागत व्हता पोरीला. गुरुवारीच न्यायला पायजे व्हतं. मीच उशीर केला."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. त्यांना मी दोष देत नाही, समोरच्याने सांगितलं ते त्यांनी लिहिलं. सिस्टर खाली जमिनीकडे बघत होत्या. त्यांचा उजवा अंगठा पहिल्या बोटावर घासत होता. फॉर्म पुढे आला, त्यांनी सही केली. मी खिशातला हात बाहेर काढला नाही. त्या बोलतील म्हणून थांबलो, आणि थांबता थांबता अधिकारी गाडीत बसले.

दोन दिवसांनी मी उपकेंद्रात गेलो. दोन्ही कागद टेबलावर ठेवले. सिस्टरांनी चष्मा लावून बघितले, परत माझ्याकडे सरकवले.

"पहिला आकडा खरा हाय," त्या म्हणाल्या. "पुढं पट्ट्या न्हवत्या. चार महिने न्हवत्या. चौकोन भरावा लागतो. गोळ्या चालू हायत असं धरून वाढवत गेले."

"सगळ्यांचेच?"

"सगळ्यांचेच."

"बरं, पट्ट्या नव्हत्या. डोळा बघितला होता का तिचा?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एका दिवसात चाळीस बाया, भाऊ. येका हातात मोबाइल. येळ कुठं व्हता?"

"हे दिगंबरला सांगा. साहेबांना नका सांगू, फॉर्म बदलू नका. फक्त त्याच्यासमोर बसून सांगा. तो जेवत नाही. गुरुवार गुरुवार करत बसतो."

"मला चार महिने राहिलेत रिटायर व्हायला. गावात बोभाटा झाला तर पेन्शनच अडकंल. माझ्या मागं कोन हाय?"

मी म्हणालो, "सिस्टर, तुमच्या आकड्यावर मी त्याला दोनदा थांबवलं."

त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय." आणि उठून आत गेल्या.

मग मीच दिगंबरला सांगितलं. सगळं, कागद पुढे ठेवून. त्याने शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "दादा, तू मला बरं वाटावं म्हनून सांगून राहिला. सिस्टर खोटं लिवनार न्हाईत. तूच तर सांगितलं व्हतंस, पेन्सिलीचं." ते खरं होतं, मीच सांगितलं होतं. आता त्यांच्याविरुद्ध माझाच शब्द चालेना. त्याचा गुरुवार सुटायचा तर त्यांनीच येऊन बोलायला हवं होतं.

सिस्टर आल्या नाहीत. पहिल्या सोमवारी काट्यावरही आल्या नाहीत. मी तरी दर महिन्याला त्या दिवशी ते एक किलोचं वजन पुसून टेबलाच्या कडेला ठेवत होतो. का, ते मला सांगता येणार नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा गावाने निरोप दिला. शाळेच्या पटांगणात मंडप, शाल, नारळ. तांड्यावरची ती जुळ्यांची आई आली होती, पोरं आता मिशा फुटलेली. सुनंदा गेली, मी अडवलं नाही, तिला जायला कारण होतं. दिगंबर नातीला कडेवर घेऊन गेला आणि त्याने सिस्टरांना साडी दिली. वाकून पाया पडला. सिस्टरांनी साडी घेतली. मला वाटलं, हातात साडी घेतल्यावर तरी शब्द निघेल. त्यांनी बाळाच्या गालाला हात लावला आणि पुढच्या माणसाचा नारळ घेतला.

त्यानंतर त्या एकदाच दिसल्या. सामान आधीच गेलं होतं, त्या एकट्या एक पिशवी घेऊन फाट्यावर हिंगोलीच्या एस.टी.ची वाट बघत उभ्या होत्या. पुढे सेनगाववरून गोरेगाव. सकाळचे साडेनऊ. मी काट्याच्या खिडकीत, मधे वीसेक पावलांचं अंतर. त्यांनी मला बघितलं होतं, मीही बघितलं होतं.

त्यांच्या शेजारी एक जोडपं येऊन उभं राहिलं. बाईला सातवा-आठवा महिना असावा. ती खांबाला टेकली आणि तोंडाने श्वास घेऊ लागली. ओसरीवरून न्हाणीपर्यंत जाताना अश्विनी घेत असे तसा. सिस्टरांचा हात तिच्या हनुवटीकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. त्यांनी तो पिशवीच्या बंदाला धरून ठेवला.

एस.टी. आली. सिस्टर चढल्या, खिडकीशी बसल्या. जोडपं खालीच, त्यांना बाळापूरची जीप हवी होती. मी काटा सोडून बाहेर आलो आणि त्या माणसाला विचारलं, "बाईचं रक्त तपासलं का?"

"तुमी कोन?"

"मी वजनकाट्यावर असतो."

त्याने मला खालपासून वर बघितलं. "मग गाड्या मोजा की." पण बाईनेच पिशवीतून कार्ड काढून दिलं. आमचं उपकेंद्र नव्हतं, अक्षर दुसरं होतं. नऊ पॉइंट दोन. नऊ पॉइंट सहा. दहा.

मी कार्ड हातात धरून वर खिडकीकडे बघितलं. सिस्टर आमच्याकडेच बघत होत्या. मी कार्ड त्यांच्यासमोर उंच धरलं. एवढ्या लांबून त्यांना आकडे दिसले असतील असं नाही. त्यांना ते दिसायची गरजही नव्हती.

कंडक्टरने घंटी दिली. सिस्टर उभ्या राहिल्या आणि खिडकीतून ओरडल्या, "ए, थांबव रे! अन् तू, पोरा, तिला वर चढव. कळमनुरीला सरकारी दवाखाना हाय, तिथं मी उतरवते. रक्त तपासून घ्यायचं आजच."

"तपासलंय की, मावशी. कार्डावर हाय."

"कार्डावर जाऊ नको. कार्डावर काय बी लिवत्यात. चढव तिला!"

मी तिथेच उभा राहिलो. हेच वाक्य. आमच्या ओसरीवर, माझ्या भावासमोर, एकदा म्हणायचं होतं. ते त्यांनी फाट्यावर, साऱ्या एस.टी.समोर, नाव माहीत नसलेल्या माणसाला सांगितलं. दिगंबर तेव्हा सहा किलोमीटरवर घरी बसला होता, आणि आजही तो तेच म्हणतो, गुरुवारीच न्यायला पाहिजे होतं.

जोडपं चढलं. सिस्टरांनी सरकून बाईला खिडकीशी बसवलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं होतं आणि अंगठ्याने खालची पापणी ओढून त्या बघत होत्या. एक डोळा, मग दुसरा.

मी उभ्या उभ्या मोजलं. आठ सेकंद लागले.